‘सरप्राईज’ नेमकं कुणाला? डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लढाईचे संदिग्ध नियम कसे वाचतात

समजा, रविवारची सकाळ आहे. नाशिकच्या कॉलेज रोडजवळच्या एका फ्लॅटमध्ये मिसळ खाऊन झालेली पाच जणं टेबलाभोवती बसली आहेत. समोर चौकटींचा कागद, रंगीत फासे आणि पेन्सिली. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, पण गोष्ट घरची: रामशेजचा वेढा. चौघं किल्ल्यावरच्या शिबंदीत आहेत. पाचवा डंजन मास्टर, म्हणजे डीएम. मोगलांकडची सगळी माणसं तोच खेळवतो.

रात्र आहे. किल्ल्याच्या पुढच्या बाजूला मशाली पेटल्यात, नगारे वाजतायत. तटावरची पहारेकरीण तिकडेच बघतेय. तेवढ्यात मागच्या कड्यावरून दोर लावून काही माणसं आवाज न करता वर येतात आणि त्यातला एक मारेकरी तिच्या पाठीशी पोहोचतो.

डीएम म्हणतो, “तू सरप्राईज्ड आहेस. म्हणजे त्याचा घाव लागला की थेट क्रिटिकल.”

“अरे, समोर अख्खी फौज दिसतेय मला. मी सरप्राईज्ड कशी?”

“मागचा माणूस कुठे दिसलाय तुला?”

पुस्तक उघडलं जातं. वीस मिनिटं जातात. दोघं तिच्या बाजूने बोलतात, एक जण डीएमच्या. खेळ थांबलेला असतो आणि आवाज चढलेले असतात. बाहेरून बघणाऱ्याला प्रश्न पडेल की कागदावरच्या पहारेकरणीसाठी एवढं काय? पण हे पात्र आठ महिने दर रविवारी खेळलं गेलेलं आहे. त्याला नाव आहे, भूतकाळ आहे, मित्र-शत्रू आहेत. या खेळात पात्र मरूही शकतं. ते एका शब्दाच्या अर्थावरून मरणार असेल, तर वाद होणारच.

लढाई चालते कशी?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि डीएम उरलेलं सगळं जग. लढाई सुरू झाली की सगळे वीस बाजूंचा फासा टाकून इनिशिएटिव्ह, म्हणजे कुणाची पाळी कधी, हे ठरवतात. एक राउंड सहा सेकंदांचा धरतात. आपल्या पाळीला पात्र हलू शकतं, एक ॲक्शन करू शकतं, आणि दुसऱ्याच्या पाळीत एखादी रिॲक्शन. घाव घालायचा तर वीसचा फासा टाकायचा, त्यात आपला अंक मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त झाली की घाव लागला. परिस्थिती अनुकूल असेल तर ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. प्रतिकूल असेल तर डिसॲडव्हान्टेज, दोनातला लहान. घाव क्रिटिकल ठरला तर इजेचे फासे दुप्पट.

इतकं सरळ असूनही वाद होतात. कारण बुद्धिबळासारखं इथलं जग चौसष्ट घरांत बंद नाही. घोडा अडीच घरं जातो; तो दोर कापू शकतो का, हा प्रश्न तिथे येतच नाही. इथे खेळाडू काहीही करायला मागू शकतो, हीच खेळाची गंमत आहे. तीन-साडेतीनशे पानांचं पुस्तक सगळ्या शक्यतांना पुरं पडणार नाही. आणि बुद्धिबळालाही हे ठाऊक आहे. विदित गुजराथीमुळे नाशिकमध्ये घराघरांत पोहोचलेल्या या खेळाच्या अधिकृत नियमांची, म्हणजे फिडेच्या कायद्यांची, प्रस्तावनाच सांगते की सगळे प्रसंग नियमांत मावत नाहीत. जिथे कलम नेमकं बोलत नाही तिथे मिळत्याजुळत्या प्रसंगावरून निर्णय काढावा. अती बारीक नियम पंचाचा विवेक बांधून टाकतात, असाही इशारा तिथे आहे.

भांडण ‘अ’ या एका अक्षराचं

रामशेजच्या टेबलावर २०१४ सालचं प्लेयर्स हँडबुक आहे, म्हणजे पाचवी आवृत्ती. त्यातला नियम असा: लढाईच्या सुरुवातीला ज्या पात्राच्या ‘अ थ्रेट’ लक्षात आलेला नाही, ते सरप्राईज्ड. अशा पात्राला पहिल्या पाळीत हलता येत नाही, ॲक्शन करता येत नाही आणि ती पाळी संपेपर्यंत रिॲक्शनही मिळत नाही.

मराठीत ‘धोका लक्षात आला नाही’ म्हटलं की भागतं. कोणता धोका, हा, तो की कुठलाही, हे वाक्य सांगत नाही आणि ऐकणाऱ्याला खटकतही नाही. इंग्रजीत तिथे ‘अ’ बसलेला आहे आणि सगळी मेख त्यातच आहे. ‘कुठलाही एक धोका’ असा अर्थ घेतला, तर समोरची फौज दिसली तिथेच विषय संपला, पहारेकरीण सावध आहे. ‘जो अंगावर येतोय तो धोका’ असा घेतला, तर मागचा माणूस दिसलेला नाही, म्हणून ती सरप्राईज्ड.

या प्रश्नाला प्रकाशकांचं उत्तर आहे. विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी नियमांवरच्या प्रश्नोत्तरांचं ‘सेज ॲडव्हाईस कंपेंडियम’ नावाचं संकलन काढते. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: शत्रूंपैकी एक जरी तुम्हाला बेसावध गाठू शकला नाही, तर तुम्ही सरप्राईज्ड नाही. म्हणजे पहारेकरणीची बाजू बरोबर.

डीएमला हे पटत नाही. मग पाठीमागून गुपचूप येण्याला किंमतच काय? त्याचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तो चुकीच्या पानावर शोधतोय. न दिसणाऱ्या हल्लेखोराला ॲडव्हान्टेज मिळतो, हे त्याच पुस्तकात दुसरीकडे लिहिलेलं आहे. लपण्याचं बक्षीस तिथे दिलेलं आहे. डीएम ते सरप्राईजच्या नियमातून पुन्हा एकदा काढू पाहतोय. लढाईच्या नियमांवरचे निम्मे वाद असेच असतात. एका नियमातून आपल्याला हवं ते निघत नाही म्हणून त्याला पिळायचं, आणि हवं ते शेजारच्या परिच्छेदात पडलेलं असतं.

दोन निवाड्यांतला फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. पहारेकरीण पाचव्या लेव्हलची रोग आहे, ३८ हिट पॉइंट्स, आर्मर क्लास १५. मारेकरी मॉन्स्टर मॅन्युअलमधला. हिशेब सोपा राहावा म्हणून त्याच्या तलवारीचं विष बाजूला ठेवू. त्याचा घाव १५ च्या आर्मर क्लासला साधारण ६० टक्के वेळा लागतो, ॲडव्हान्टेज असेल तर ८४ टक्के. साध्या घावाची इजा स्नीक अटॅक धरून सरासरी २०.५. क्रिटिकल झाला तर सरासरी ३८.

नेमके ३८. म्हणजे डीएमचं म्हणणं मानलं, तर पहिल्याच घावात पहारेकरीण बेशुद्ध. मारेकऱ्याला एका पाळीत दोन घाव आहेत. बेशुद्ध माणसावर जवळून बसलेला घाव क्रिटिकल धरतात आणि त्याची मृत्यूच्या फाशात दोन अपयशं मांडली जातात. तिसऱ्याला मरण. मग स्वतःच्या पहिल्या पाळीला तिने टाकलेल्या फाशावर १ ते ९ पैकी काहीही आलं की संपलं: ४५ टक्के. एकही निर्णय न घेता, एकदाही तलवार न उपसता. तिचं म्हणणं मानलं, तर दोन्ही साधे घाव बसूनही सरासरीने तिच्याकडे ११ पॉइंट उरतात. ती जखमी आहे, पण उभी आहे. पाळी आली की ती ओरडू शकते, पळू शकते, त्याला कड्यावरून ढकलू शकते.

अस्पष्ट, मुका आणि न पटणारा

‘नियम क्लिअर नाहीये’ असं सगळेच सरसकट म्हणतात, पण त्या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

सरप्राईजचा नियम खराखुरा अस्पष्ट: वाक्य आहे, अर्थ दोन निघतात. पण दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाने तलवार चालवली तर? २०१४ च्या पुस्तकात चढण्याचा नियम आहे: प्रत्येक फुटाला एक फूट जास्त खर्ची पडतो. चढताना लढणं अवघड जातं का, यावर पुस्तक गप्प आहे. हा मुका नियम. इथे शब्दांचा कीस पाडून काही निघणार नाही, डीएमला निर्णय द्यावाच लागेल, आणि तशी मोकळीक पुस्तकाने दिलेलीही आहे: परिस्थिती पाहून डीएम ॲडव्हान्टेज किंवा डिसॲडव्हान्टेज देऊ शकतो. दोरावरच्या माणसाला डिसॲडव्हान्टेज, हा निर्णय कुणालाही खटकू नये.

त्याच माणसाला तटावरून ढकललं तर तो पडणार कधी, लगेच की हळूहळू? पुस्तक दर दहा फुटांना सहा बाजूंच्या एका फाशाची इजा सांगतं, जास्तीत जास्त वीस फासे. पडायला किती वेळ लागतो हे सांगत नाही. २०१७ च्या ‘झनाथर्स गाईड टू एव्हरीथिंग’मध्ये त्याची भर पडली: पडणारा माणूस तत्काळ ५०० फुटांपर्यंत खाली जातो. रामशेजच्या कड्याला तेवढं पुरेसं आहे.

तिसरा प्रकार सगळ्यांत गमतीचा. नियम स्पष्ट असतो, पण निकाल पटत नाही. २०१४ च्या पुस्तकात ‘इन्व्हिजिबल’ अवस्थेखाली लिहिलं आहे की अदृश्य प्राण्यावरच्या हल्ल्यांना डिसॲडव्हान्टेज आणि त्याच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज. आता समोरच्याने अदृश्य वस्तू दिसण्याचा मंत्र टाकला. त्याला तो माणूस लख्ख दिसतोय. तरी डिसॲडव्हान्टेज? खेळाचे तेव्हाचे नियम-प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड यांनी शब्दशः वाचन धरून ‘हो’ म्हटलं. अनेक टेबलांनी हे उत्तर वाचलं, हसून बाजूला ठेवलं आणि दिसतोय तर दिसतोय असं धरून खेळ चालू ठेवला. २०२४ च्या सुधारित पुस्तकात अखेर अटच आली: जो तुम्हाला पाहू शकतो, त्याच्यापुढे हा फायदा नाही. म्हणजे दहा वर्षं टेबलं बरोबर होती आणि छापील वाक्य चुकलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

मुठीच्या घावाचंही असंच झालं. पहिल्या छपाईत निःशस्त्र घाव शस्त्रांच्या तक्त्यात होता, शुद्धिपत्रात तो काढला. पण मुठीने केलेला हल्ला ‘मेली वेपन अटॅक’ राहिला. मूठ शस्त्र नाही, तिचा हल्ला मात्र शस्त्राचा हल्ला! मग पॅलाडिनला ठोसा मारून आपला ‘डिव्हाइन स्माइट’ वापरता येईल का, यावर रणं माजली. अधिकृत उत्तर नकाराचं होतं. २०२४ मध्ये मुठीलाही परवानगी मिळाली आणि वाद मिटला.

शेवटचा शब्द कुणाचा?

डीएम हा प्रकार मुळात पंच म्हणून जन्माला आला. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला फॉन राईसवित्झ नावाच्या गृहस्थाने एक युद्धखेळ दाखवला. त्याच्या मुलाने, जो स्वतः लष्करी अधिकारी होता, तो सुधारून १८२४ मध्ये नियमावली छापली. हा ‘क्रीग्सश्पील’. नकाशावर सैन्याचे ठोकळे, दोन्ही बाजूंचे लेखी हुकूम आणि मध्ये एक पंच. तो फासा टाकून तक्त्यांवरून नुकसान ठरवायचा. तक्ते इतके किचकट झाले की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ मध्ये युलियस फॉन व्हर्दी द्यू व्हर्न्वा या अधिकाऱ्याने उलटं टोक गाठलं: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या.

पुस्तक की पंच, हा वाद तेव्हापासून चालू आहे. अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याचं ‘स्ट्रॅटेगोस’ हे पुस्तक १८८० चं. नियमांत नसलेल्या चालींचा निवाडा पंचाने करायचा, ही कल्पना त्यातून डेव्हिड वेस्ली यांनी उचलली आणि १९६९ मध्ये मिनेसोटात ‘ब्राउनस्टाईन’ हा खेळ मांडला. त्या मित्रमंडळातले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचे गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला: तीन छोट्या पुस्तिकांचा खोका, पहिली छपाई हजार प्रतींची. त्यात लढाईसाठी ‘चेनमेल’ हे १९७१ चं दुसरंच पुस्तक तुमच्याकडे असेल असं धरलं होतं, सोबत वीसच्या फाशाची पर्यायी पद्धतही दिली होती. थोडक्यात, लढाईच्या नियमांतला गोंधळ या खेळाच्या पाचवीलाच पुजलेला.

प्रश्न येऊ लागले तसं उत्तरांचं खातं उघडावं लागलं. १९७९ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात जीन वेल्स यांनी ‘सेज ॲडव्हाईस’ हे सदर सुरू केलं. पाचव्या आवृत्तीच्या काळात क्रॉफर्ड ट्विटरवर उत्तरं द्यायचे आणि ती अधिकृत मानली जायची. २०१९ पासून फक्त कंपेंडियममधलं उत्तर अधिकृत, ट्विट हा निव्वळ सल्ला. आजही रील किंवा स्क्रीनशॉट दाखवून ‘बघ, ऑफिशियल आहे’ म्हणणारे भेटतात. तो स्क्रीनशॉट कोणत्या सालचा आणि कोणत्या आवृत्तीचा, एवढं विचारलं की बराच वाद निवतो.

एक अडचण मात्र क्रीग्सश्पीलच्या पंचाला नव्हती, ती डीएमला आहे. तो पंच तटस्थ असायचा. डीएम मारेकऱ्याचा घावही घालतो आणि तो घाव लागला की नाही याचा निकालही देतो. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचं साधं तत्त्व इथे रोज मोडतं आणि मोडल्याशिवाय खेळ चालत नाही. म्हणून संशयाचा फायदा खेळाडूला द्यायची पद्धत बऱ्याच टेबलांवर आहे. यात उदारपणापेक्षा हिशेब जास्त आहे: डीएमचा एक मारेकरी वाया गेला तर तो दुसरा आणेल, खेळाडूकडे पात्र एकच.

काशीचे नागेशभट्ट आणि स्नीक अटॅक

नियम वाचण्याचे नियम हा विषय आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो या टेबलावर चपखल बसतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं पायाभूत सूत्र आहे की विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो. संस्कृत व्याकरणात हेच उत्सर्ग आणि अपवाद या जोडीने सांगतात, अपवाद बलवान. पाणिनीची सूत्रं एकमेकांवर आदळली तर कोणतं चालवायचं, याच्या परिभाषांवर नागेशभट्टांनी अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहिला. ते महाराष्ट्रातल्या काळे घराण्यातले, वास्तव्य काशीला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी पुढे त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला.

मीमांसकांनी आणखी बारीक काम केलं. कोणती गोष्ट कशाचं अंग हे ठरवताना त्यांनी सहा प्रमाणं क्रमाने लावली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. दोघांत विरोध आला तर आधीचं नंतरच्यावर भारी. थेट विधान सगळ्यांत बलवान आणि नुसतं नाव, म्हणजे समाख्या, सगळ्यांत दुबळं.

हा क्रम यज्ञकर्मासाठी होता, पण ‘स्नीक अटॅक’चा वाद बघा. ‘स्नीक’ म्हणजे चोरून, मग रोग लपलेला नसताना स्नीक अटॅक कसा करेल, असं नव्या डीएमना हमखास वाटतं. नियमाचं थेट विधान वेगळं आहे: योग्य शस्त्र हवं, आणि एकतर ॲडव्हान्टेज हवा किंवा लक्ष्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा शत्रू हवा, दुसऱ्या प्रकारात आपल्याला डिसॲडव्हान्टेज नको. लपण्याची अटच नाही. नावावरून केलेला युक्तिवाद मीमांसकाने पहिल्या फेरीतच बाद केला असता. ‘चिल टच’ या मंत्राचं तर विचारूच नका. २०१४ मध्ये तो थंडही नव्हता आणि स्पर्शाचाही नव्हता. १२० फुटांवरून लागायचा. २०२४ मध्ये निदान स्पर्शाचा झाला.

शब्दाला चिकटून राहण्याचंही दुसरं टोक आहे. ‘पेझंट रेलगन’ हा इंटरनेटवरचा जुना विनोद: हजारो शेतकरी एका रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने हातातला भाला पुढच्याला द्यायचा आणि सगळ्यांनी ती कृती आधीच ‘रेडी’ करून ठेवायची. राउंड सहा सेकंदांचाच, म्हणजे भाला काही मैल सहा सेकंदांत गेला. मग त्या वेगाने तो शत्रूवर आदळला की डोंगर फुटणार! यातली लबाडी अशी की भाला पुढे सरकेपर्यंत खेळाचे नियम वापरायचे आणि आदळताना अचानक भौतिकशास्त्र. नियमच शेवटपर्यंत लावले, तर शेवटचा शेतकरी साधा भाला फेकतो, सहा बाजूंचा एक फासा. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाईडने स्पष्टच म्हटलं आहे की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि ते सद्भावनेने वाचायचे असतात. मराठीत यालाच रडीचा डाव म्हणतात.

टेबलावर काय करतात?

गल्ली क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. वन टप्पा एक हात आउट, गच्चीवर गेला तर आउट, लहान भाऊ कच्चं लिंबू. हे कुठल्याच पुस्तकात नाही, पण पहिला चेंडू पडण्याआधी ठरतं आणि मग दोन्ही संघांना लागतं. सामना रंगात आल्यावर नवा नियम काढणाऱ्याला मात्र कुणी सोडत नाही.

जुळलेल्या गटांत पहिला प्रश्न असतो, पुस्तक कोणतं. २०१४ चं की २०२४ चं, हे ठरलेलं नसेल तर दोघंही आपापल्या पुस्तकातून बरोबर असू शकतात. सरप्राईजचंच घ्या: २०२४ मध्ये पहिली पाळी जाण्याचा प्रकारच काढून टाकला. बेसावध पात्राला फक्त इनिशिएटिव्हच्या फाशात डिसॲडव्हान्टेज. हँडबुक विकत घेतलेलं नसलं तरी अडत नाही. मूळ नियमांचा ‘एसआरडी’ नावाचा दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट वाचता येतो.

मग वाक्य मोठ्याने वाचायचं. आठवणीतून बोलायचं नाही, कारण आठवणीत प्रत्येकाचा नियम त्याच्या सोयीचा झालेला असतो. दोन मिनिटांत अर्थ लागला नाही तर डीएम निर्णय देतो, तो त्या दिवसापुरता असतो, आणि वहीत टिपून खेळ पुढे जातो. नीट शोधाशोध रात्री घरी जाऊन, पुढच्या रविवारसाठी. ही वही फार कामाची. तीन महिन्यांनी तोच प्रसंग उलटा येतो, म्हणजे खेळाडूच शत्रूच्या छावणीत मागून शिरतात आणि पुढे त्यांच्या मित्राने गवताला आग लावलेली असते. तेव्हा शत्रूचा पहारेकरी सरप्राईज्ड का नाही, हे वहीच सांगते. आधी आपल्याला वाचवणारं वाचन आता आपल्याच विरुद्ध जातंय हे दिसल्यावर खेळाडू काय करतात, त्यावरून गट कळतो.

पात्राच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा मात्र घाई नको. दोन मिनिटांचा नियम दाराची कडी तुटली की नाही यासाठी ठीक आहे. आठ महिन्यांचं पात्र संशयावर मारण्यापेक्षा चहा टाकून पुस्तक नीट वाचलेलं बरं. आणि तरीही अर्थ लागला नाही, तर घाव बसण्याआधी सगळ्यांसमोर सांगायचं की आपण हे असं धरतोय. फासा पडल्यावर अर्थ बदलला की तो कितीही योग्य असला तरी कुणाला पटत नाही.

रामशेजच्या टेबलावर चहा येतो, कंपेंडियम उघडतं आणि डीएम मारेकऱ्याला फक्त ॲडव्हान्टेज देतो. दोन फासे पडतात, ७ आणि १४. घाव लागतो, क्रिटिकल नाही. पहारेकरीण १९ पॉइंट्सवर येते आणि मागे वळते.

डीएमने हा प्रसंग हवेतून काढलेला नाही. नाशिकच्या उत्तरेला पेठ रस्त्यालगत, आशेवाडी गावाच्या डोक्यावर रामशेज उभा आहे. औरंगजेबाच्या फौजांनी १६८२ मध्ये त्याला वेढा घातला आणि मूठभर शिबंदीने तो कित्येक वर्षं झुंजवला. लाकडी तोफांची गोष्ट नाशिककर अजून सांगतात. खाफीखानाच्या तवारिखेत येतं की बहादूरखानाने पुढून मोठा गलबला करून मागून निवडक माणसं दोराने चढवायचा बेत केला होता. शिबंदीला त्याचा सुगावा लागलेला होता. गडावरचे लोक मागच्या कड्यापाशी आधीच दबा धरून बसले होते, आणि वर चढून आलेल्यांनाच त्यांनी गाठलं.